टिंबाआधीचा आकडा, टिंबानंतरचा आकडा

दर तिमाहीला तोच फोन येतो. "पोस्टग्रेसचं नवीन व्हर्जन आलंय म्हणे. टाकू का थांबू?" मी उलट विचारतो, "टिंबाआधीचा आकडा बदललाय की टिंबानंतरचा?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "ते बघावं लागेल."

विचारणारा माणूस आळशी नसतो. पतसंस्थेचं, क्लासच्या फीचं, दवाखान्याच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर त्याच्याच गळ्यात असतं, शिवाय प्रिंटरही. त्यातून कोणी म्हणतं "चालतंय तर हात लावू नका", कोणी म्हणतं "नवीन आलं की लगेच टाका". दोन्ही सल्ले अर्धेच बरोबर आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्यावर पोस्टग्रेसक्यूएलचा एखादा सर्व्हर सांभाळायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी आपला आकडा बघा

सर्व्हरला जोडून घ्या आणि त्यालाच आवृत्ती विचारा. इथे एक गंमत होते. पी-एसक्यूएल उघडल्यावर वर जो आकडा दिसतो तो त्या साधनाचा असतो. सर्व्हरचा आकडा वेगळा असेल तर तो त्याच ओळीत पुढे छापलेला असतो आणि आपण तो वाचत नाही. म्हणून 'शो सर्व्हर-व्हर्जन' ही आज्ञा देऊन जे उत्तर येईल तेच खरं धरा.

समजा १६.४ असं आलं. त्यातला १६ म्हणजे मुख्य आवृत्ती आणि ४ म्हणजे तिच्यातली चौथी दुरुस्ती. २०१७ साली आवृत्ती १० आली तेव्हापासून हीच पद्धत आहे. त्याआधी पहिले दोन आकडे मिळून मुख्य आवृत्ती होत असे, म्हणजे ९.५ वरून ९.६ हीसुद्धा मोठी उडी होती. अजून ९.६ वर बसलेली मंडळी मला भेटतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुख्य आवृत्ती वर्षातून एकदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांतल्या दुसऱ्या गुरुवारी येतात. आपल्या मुख्य आवृत्तीची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा:

- १३ : नोव्हेंबर २०२५ मध्येच संपली
- १४ : नोव्हेंबर २०२६
- १५ : नोव्हेंबर २०२७
- १६ : नोव्हेंबर २०२८
- १७ : नोव्हेंबर २०२९
- १८ : नोव्हेंबर २०३० (ही २५ सप्टेंबर २०२५ रोजी आली)

मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. तो गुपचूप चालत राहतो, पण पुढच्या तिमाहीत सापडलेलं सुरक्षेचं भोक तुमच्या आवृत्तीत कोणी बुजवत नाही.

टिंबानंतरचा आकडा: घ्यायचाच, पण आठवडाभराने

या दुरुस्त्यांत नवीन सोयी घालायच्याच नाहीत, असा प्रकल्पाचा नियम आहे. फक्त बग, सुरक्षा आणि डेटा बिघडवणाऱ्या चुका. डेटाच्या फाइलींची रचना तीच राहते, त्यामुळे डंप काढून परत भरायची गरज नसते. पॅकेज बदलायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा, झालं. १६.४ वरून थेट १६.१० वर जाता येतं, मधल्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

मग आठवडाभर का थांबायचं? दोनदा चटका बसलाय म्हणून. १४ नोव्हेंबर २०२४ च्या गुरुवारी १७.१, १६.५ वगैरे दुरुस्त्या आल्या. त्यात सर्व्हरच्या आतल्या एका रचनेचा आकार बदलला होता. टाइमस्केलसारखी जी एक्स्टेन्शनं जुन्या आकाराप्रमाणे बांधलेली होती, ती कोसळण्याचा धोका निर्माण झाला. शिवाय एका सुरक्षा-दुरुस्तीमुळे वापरकर्त्याला ठरवून दिलेली भूमिका लागू होईना. बरोबर एका आठवड्याने, २१ तारखेला, १७.२ आणि १६.६ काढावी लागली. पुढच्याच तिमाहीत, १३ फेब्रुवारी २०२५ ला १७.३ आलं, आणि त्यातल्या सुरक्षा-दुरुस्तीतच राहिलेली चूक सुधारायला २० फेब्रुवारीला १७.४.

म्हणून माझा स्वतःचा शिरस्ता असा आहे: गुरुवारी दुरुस्ती आली की त्याच दिवशी चाचणीच्या मशीनवर टाकायची, आणि खऱ्या सर्व्हरवर पुढचा गुरुवार ओलांडला की. सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल आणि दुरुस्ती सुरक्षेची असेल तर मात्र आठवड्याची वाट बघू नका. फेब्रुवारी २०२५ ची दुरुस्ती तशीच होती. बाहेरून आलेला मजकूर अवतरणात बसवणाऱ्या फंक्शनांतून एसक्यूएल घुसवता येत होतं, आणि ती चूक उजेडात आली ती प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेल्या एका दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या भोकाचा माग काढताना.

करायचं काय, ते क्रमाने:

1. रिलीज नोट्समधला 'या आवृत्तीकडे येताना' हा छोटा भाग वाचा. मधल्या आवृत्त्या गाळत असाल तर त्यांचाही.
2. बॅकअप घ्या.
3. स्टँडबाय सर्व्हर असेल तर आधी तो बदला, मुख्य सर्व्हर नंतर.
4. पॅकेज बदला आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला का ते तपासा. डेबियन-उबुंटूवर तो बहुधा आपोआप होतो, इतर ठिकाणी स्वतः करावा लागू शकतो. पॅकेज नवीन आणि मेमरीत महिनोन्‌महिने जुनाच प्रोग्रॅम, असे सर्व्हर मी पाहिले आहेत.
5. पुन्हा सर्व्हरलाच आकडा विचारा.

पहिली पायरी लोक हमखास गाळतात. ती का गाळू नये याचं उत्तर १४.४ मध्ये आहे. १४.० ते १४.३ या आवृत्त्यांत टेबल चालू ठेवून, म्हणजे 'कन्करंटली' पद्धतीने, इंडेक्स बांधला तर तो गुपचूप बिघडू शकत होता. जून २०२२ मध्ये, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर, १४.४ आलं. पण नवीन प्रोग्रॅम टाकल्याने आधीच बिघडलेला इंडेक्स दुरुस्त होत नाही, तो नव्याने बांधावाच लागतो. हे त्या छोट्या भागात स्पष्ट लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नाही, त्यांनी १४.४ टाकलं, निश्चिंत झाले आणि चुकीची उत्तरं देणारा इंडेक्स वापरत राहिले.

टिंबाआधीचा आकडा: एक रविवार राखून ठेवा

मुख्य आवृत्ती बदलली की फाइलींची आतली मांडणी बदलते. जुन्या डेटाच्या फोल्डरवर नवीन सर्व्हर सुरूच होत नाही. मात्र १३ वरून १४, १५, १६ असं एकेक स्टेशन घेत जायची गरज नाही, थेट १८ गाठता येतं. मधल्या सगळ्या आवृत्त्यांच्या नोट्स मात्र वाचाव्या लागतात.

पर्याय तीन आहेत.

पीजी-डंप आणि रिस्टोर. सगळ्यात साधा आणि सगळ्यात संथ. डेटाबेस वीस-पंचवीस जीबीच्या आतला असेल आणि रविवारी काम बंद ठेवता येत असेल, तर दुसरं काही शोधू नका. डंप काढताना नवीन आवृत्तीचं साधन वापरा, ते जुन्या सर्व्हरशी बोलू शकतं. पीजी-डंप एकाच डेटाबेसपुरतं असतं. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, ते 'डंप-ऑल'ने वेगळे काढावे लागतात.

पीजी-अपग्रेड. डेटा मोठा असेल तर हे. आधी 'चेक' हा पर्याय देऊन चालवा. त्या वेळी ते काहीही बदलत नाही, फक्त अडचणींची यादी देतं, आणि जुना सर्व्हर चालू असतानाही हे करता येतं. मग ठरवा: फाइलींची प्रत काढायची की 'लिंक' पद्धतीने जुन्याच फाइली वापरायच्या. लिंकने काम काही मिनिटांत होतं. पण एकदा का नवीन सर्व्हर सुरू केला, की जुना कायमचा गेला. परतीचा रस्ता फक्त बॅकअपमधूनच.

आणि बॅकअपबद्दल माझी फजिती सांगतो. एका संस्थेत मी लिंक पद्धत निवडली. रात्रीचा बॅकअप रोज होतो, क्रॉनमध्ये मीच लावला होता. सुदैवाने नवीन सर्व्हर सुरू करण्याआधी सहज म्हणून फाइल बघितली. शून्य बाइट. डिस्क भरली होती आणि महिनाभर रोज रात्री एक रिकामी फाइल इमानदारीत तयार होत होती. तेव्हापासून बॅकअप म्हणजे दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून, एखाद्या मोठ्या टेबलातल्या ओळी मोजून पाहिलेली फाइल, अशीच व्याख्या मी धरतो.

लॉजिकल रेप्लिकेशन. नवीन सर्व्हर शेजारी उभा करायचा, डेटा वाहू द्यायचा आणि एका क्षणी अॅप्लिकेशन तिकडे वळवायचं. बंद काळ मिनिटभराचा. पण सीक्वेन्सचे आकडे आणि टेबलांच्या रचनेतले बदल आपोआप जात नाहीत, आणि प्रायमरी की नसलेली टेबलं अडतात. सीक्वेन्स पुढे सरकवायला विसरलात तर पहिल्याच नवीन पावतीला 'हा क्रमांक आधीच आहे' अशी चूक येईल. चोवीस तास चालणारं काम नसेल तर या वाटेला जाऊ नका, असं मी सांगेन.

कुठे पाय घसरतो

काही खड्डे आवृत्तीनुसार ठरलेले आहेत:

- १४ पासून नवीन पासवर्ड स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात. जुना ड्रायव्हर वापरणारं अॅप्लिकेशन त्यामुळे लॉगिनच करू शकत नाही. जुने एमडी-५ पासवर्ड १८ मध्ये अजून चालतात, पण ते काढून टाकायचं जाहीर झालं आहे. आत्ताच बदलून घ्या.
- १५ पासून नव्याने तयार केलेल्या डेटाबेसच्या 'पब्लिक' स्कीमात कोणीही येऊन टेबल बनवू शकत नाही. "कालपर्यंत चालत होतं, आज परवानगी नाही म्हणतो" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं.
- १८ मध्ये नवीन क्लस्टर चेकसमसह तयार होतं. तुमच्या जुन्यात चेकसम नसतील तर पीजी-अपग्रेड नकार देईल. एक तर जुना सर्व्हर बंद करून त्यात चेकसम चालू करा (मी हेच करतो) किंवा नवीन क्लस्टर चेकसमविना बनवा.
- १७ पर्यंत पीजी-अपग्रेडनंतर क्वेरी-नियोजकाची आकडेवारी कोरी असायची. सोमवारी सकाळी सगळं गोगलगायीसारखं चालायचं आणि दोष नव्या आवृत्तीला मिळायचा. उपाय एवढाच की लगेच 'अॅनालाइझ' चालवा. १८ कडे येताना बरीचशी आकडेवारी सोबत येते, तरी मी चालवतोच.
- पोस्टजीआयएससारखी एक्स्टेन्शनं नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहेत का, ते आधी पाहा. मुख्य आवृत्ती आल्यावर काही एक्स्टेन्शनांना पोचायला महिने लागतात.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. इमेजचा टॅग 'लेटेस्ट' असा ठेवू नका. एके दिवशी इमेज नव्याने ओढली जाते, टिंबाआधीचा आकडा बदललेली उतरते आणि 'डेटाच्या फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत' असं सांगून कंटेनर बंद पडतो. डेटा शाबूत असतो, घाबरून फोल्डर पुसू नका. टॅगमध्ये जुना आकडा लिहा, चालू होईल. दुसरं, १८ च्या अधिकृत इमेजमध्ये डेटाची जागा बदलली आहे. व्हॉल्यूम आता एक फोल्डर वर जोडायचा असतो. जुनीच ओळ नकलून टाकलीत तर अडाल.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी ज्याकडे लक्ष द्यायलाच हवं असा खड्डा पोस्टग्रेसच्या बाहेर आहे. अक्षरांचा अनुक्रम ठरवण्याचं काम पोस्टग्रेस सर्वसाधारणपणे लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीवर सोपवतो. तिच्या २.२८ या आवृत्तीत अनुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन १० आणि रेड हॅट ८ मध्ये तीच आली. इंडेक्स जुन्या अनुक्रमाने रचलेला आणि शोध नव्या अनुक्रमाने, म्हणजे जुन्या बाराखडीने लावलेल्या कपाटात नव्या बाराखडीने फाइल शोधण्यासारखं. नाव टेबलात असतं पण सापडत नाही, किंवा जिथे एकच असायला हवं तिथे दोनदा शिरतं. म्हणजे पोस्टग्रेसला हात न लावता नुसती ऑपरेटिंग सिस्टिम किंवा डॉकरची मूळ इमेज बदलली तरी हे होऊ शकतं. आवृत्ती १५ पासून सर्व्हर 'कोलेशन जुळत नाही' असा इशारा देतो. तो दिसला तर मजकुराच्या स्तंभांवरचे इंडेक्स आधी नव्याने बांधा आणि नंतरच कोलेशनची आवृत्ती ताजी करण्याची आज्ञा द्या. उलट केलंत तर इशारा जातो आणि बिघाड राहतो.

"या बगवर पॅच मिळालाय, लावू का?"

पोस्टग्रेस एका कंपनीचं नाही. पॅच कोणीही पाठवू शकतो, आणि गेली अनेक वर्षं त्यात पुण्यात बसून काम करणाऱ्या अभियंत्यांचीही नावं आहेत. पाठवलेले पॅच 'कमिटफेस्ट' नावाच्या तपासणीच्या फेऱ्यांतून जातात, साधारण जुलै ते मार्च. एप्रिलमध्ये दार बंद होतं, मग बीटा आणि शरदात नवी आवृत्ती. दार किती कडक आहे ते 'मर्ज' या आज्ञेवरून कळेल. एप्रिल २०१८ मध्ये ती ११ साठी स्वीकारली गेली, त्रुटी दिसल्यावर त्याच महिन्यात मागे घेतली, आणि लोकांच्या हाती पडली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये, १५ सोबत.

तेव्हा तुम्हाला सापडलेला पॅच या वाटेवर कुठे उभा आहे, हे आधी शोधा. त्यावरून उत्तर ठरतं:

- नुसता प्रस्ताव असेल, तर लावू नका. उद्या तो वेगळ्या रूपात येईल किंवा येणारच नाही. तो डेटाच्या फाइली किंवा कॅटलॉग बदलत असेल, तर तुमचा डेटा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच पोस्टग्रेसला वाचता येणार नाही.
- तुमच्या आवृत्तीच्या स्थिर ब्रांचमध्ये कमिट झाला असेल, तर तो पुढच्या तिमाही दुरुस्तीत येणारच. तोवर काम भागवा. अगदीच जीव अडकला असेल तर त्या ब्रांचवरून सर्व्हर बांधा आणि दुरुस्ती आली की अधिकृत पॅकेजवर परत या.
- फक्त पुढच्या मुख्य आवृत्तीत कमिट झाला असेल, तर ती नवीन सोय आहे. ती तुमच्या जुन्या आवृत्तीत कधीच येणार नाही. एखादं एक्स्टेन्शन तेच काम करतं का ते पाहा.

पॅच लावलेला सर्व्हर चालवण्याची खरी किंमत पुढे मोजावी लागते. दर तिमाहीला तो पॅच नव्या दुरुस्तीवर पुन्हा बसवायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा तपासायचा. हे करणारा माणूस नोकरी सोडून गेला की काय, हा प्रश्न आधी विचारा. काही कंपन्या असे बदल केलेला सर्व्हर स्वतः बांधून देतात आणि त्याची जबाबदारी घेतात. उदाहरणार्थ, डेटा डिस्कवर सांकेतिक स्वरूपात ठेवायची सोय मूळ पोस्टग्रेसमध्ये नाही, ती परकोनाच्या सर्व्हरमध्ये मिळते. तशी गरज असेल तर जरूर घ्या, मात्र मूळ पोस्टग्रेसवर परत यायची वाट डंपमधून जाते हे गृहीत धरून.

तुमचे हक्क, आणि ते कुणाकडे मागायचे

पोस्टग्रेसचा परवाना अतिशय मोकळा आहे. वापरा, बदला, बदललेला विका, बदल उघड करा किंवा करू नका, फी नाही. पण हमीही नाही. त्यामुळे हमी हवी असेल तर ती सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरकडून किंवा क्लाउडवाल्याकडून, लेखी.

व्हेंडरकडून. वार्षिक करारात तिमाही दुरुस्त्या टाकण्याचं काम कोणाचं, हे नावानिशी लिहून घ्या. "आमचं सॉफ्टवेअर १२ वरच चालतं" असं उत्तर आलं तर पुढच्या आवृत्तीवर कधी चालेल त्याची तारीख मागा. १२ ची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्येच संपली आहे. व्यवस्थापनाला पटत नसेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दाखवा. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा त्यात २५० कोटी रुपये आहे.

क्लाउडवाल्याकडून. दुरुस्त्या आपोआप लागतात का आणि कुठल्या वेळेत, ते सेटिंगमध्ये बघा. ती वेळ रविवार पहाटेची ठेवा. मुदत संपलेली मुख्य आवृत्ती चालू ठेवली तर काही ठिकाणी वाढीव आधाराचं बिल लागू होतं. अॅमेझॉनच्या आरडीएसमध्ये ते प्रोसेसर आणि तासांच्या हिशोबाने असतं. बिल बघून मग निर्णय घेणारे कमी नाहीत.

प्रकल्पाकडून. बग कळवायचा हक्क तुम्हालाही आहे, त्याला सभासदत्व लागत नाही. सर्व्हरचा पूर्ण आकडा, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि चूक पुन्हा घडवून दाखवणारी चार-पाच ओळींची क्वेरी द्या, ग्राहकांची नावं काढून. मुदत संपलेल्या आवृत्तीवरचा बग असेल तर "आधी नवीन आवृत्तीवर तपासा" एवढंच उत्तर येईल, तेव्हा ते आधीच करून ठेवा. सुरक्षेची चूक असेल तर ती चारचौघांत मांडू नका, तिच्यासाठी प्रकल्पाचा वेगळा खाजगी पत्ता आहे.

हे सगळं करायला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड तुमच्याकडे असावा लागतो. निम्म्या ठिकाणी तो नसतो, तीन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या मुलाकडे असतो. उद्या सकाळी पहिला फोन त्याला करा.